समईवाल्या बाईचा मजकूर आला बी!

बारा वर्षं मासिक काढलं की घरात न खपलेले अंक साठतात, परत करायच्या कविता साठतात आणि छापखान्याचे किस्से साठतात. अंक वाळवी खाते. कविता कवी स्वतःच तावातावाने येऊन घेऊन जातात. किस्से मात्र जागचे हलत नाहीत, उलट दर वेळी सांगताना थोडे फुगतात!

परवा स्टाफरूममध्ये आमच्या शाळेतल्या एका नव्या बाईंनी विचारलं, “मासिक काढणं फार कठीण असतं का हो?”

मी म्हटलं, “मासिक काढणं सोपं आहे. ते दुसऱ्याच्या छापखान्यातून बाहेर काढणं कठीण!”

मग काय, मधली सुट्टी संपली तरी मी बोलतच होते. त्यातलेच काही इथे लिहून काढते. आधीच सांगते, यात मी फार चांगली बाई दिसणार नाही. माझं मासिक ‘परडी’. बत्तीस पानं, पाचशे प्रती, संपादक मी, व्यवस्थापक मी, गठ्ठे बांधून सायकल रिक्षात टाकणारीही मीच. आणि या बारा वर्षांत मला देवाकडे एकच मागायचं होतं. माझा अंक विमलच्या अंकाच्या आधी निघावा. एकदा. फक्त एकदा!

विमल कोण ते सांगते. आधी छापखाना.

*

छापखाना गांधीबागेत, कापडाच्या ठोक दुकानांच्या मागच्या बोळात. मालक नानाजी. मोठे गोड माणूस. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी माझ्या हातातला मजकूर कपाळाला लावला आणि म्हणाले, “बाई, तुमचं काम म्हणजे घरचं काम. काही फिकर करू नका. कधी बी या, कितीक बी पानं आणा.”

मी घरी येऊन आमच्या ह्यांना सांगितलं, “माणूस देव आहे हो!”

पहिला अंक नऊ दिवस उशिरा निघाला. गांधीबागेतल्या व्यापाऱ्यांची बिलबुकं निघाली, साड्यांच्या खोक्यांची लेबलं निघाली, एका पहिलवानाच्या आखाड्याची पावतीपुस्तकंसुद्धा निघाली. माझी बत्तीस पानं तशीच! मी तणतणत गेले.

“नानाजी, तुम्ही तर म्हणाला होता घरचं काम!”

“अवो बाई, घरचं हाय म्हणून तं थांबलं!” नानाजी कळवळून म्हणाले. “बाहेरच्याले कसं थांबवू?”

*

आता विमल. विमल माझी ट्रेनिंग कॉलेजातली मैत्रीण. दोघी एका बाकावर बसायचो, एका डब्यात जेवायचो. पुढे ती महालातल्या शाळेत लागली, मी सीताबर्डीच्या. एकदा ती घरी आली, ‘परडी’चे अंक उलटेपालटे करून बघितले आणि सहज विचारावं तसं विचारलं, “कुठं छापून राहिली वं तू हे?”

मी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, रिक्षा करून तिला नानाजींकडे घेऊन गेले! ओळख करून दिली! “ही माझी मैत्रीण, हिचं कामही घरचंच समजा,” असं माझ्या तोंडाने बोलले! अजून तो दिवस आठवला की स्वतःच्या जिभेला चिमटा घ्यावासा वाटतो.

दोन महिन्यांत तिचं मासिक निघालं. नाव ‘समई’. पानं बत्तीस. आणि मुखपृष्ठ दोन रंगांत!

माझं एका रंगात होतं. मी तो अंक हातात घेतला, “छान गं” म्हटलं आणि पुढचे तीन दिवस घरात कुणाशी धड बोलले नाही. चौथ्या दिवशी आमचे हे म्हणाले, “दोन रंग आहेत, त्यातला एक तर फिका आहे.” तेवढ्यानेच मला जेवण गेलं.

आता नियम असा, की मासिक टपालाने सवलतीत पाठवायचं तर ठरलेल्या तारखेलाच टाकावं लागतं. एक दिवस इकडेतिकडे झाला की सवलत गेली. माझी तारीख पाच. विमलने अर्जात कोणती तारीख घातली? पाच! छापखाना एक, मशीन एक, तारीख एक. लोक म्हणायचे, तू तारीख बदलून घे ना. मी का बदलू? आधी कोण होतं?

विमललाही तसंच कुणीतरी म्हणालं असावं. तिनेही बदलली नाही.

*

छापखान्यातला खरा माणूस म्हणजे पांडोबा. नानाजींचा फोरमन. जाड भिंगांचा चष्मा, कानावर पेन्सिल, बोटं शाईने कायमची काळी. मी महिन्याच्या वीस-बावीस तारखेला मजकूर घेऊन गेले की मान वर न करता एकच वाक्य बोलायचे.

“समईवाल्या बाईचा मजकूर आला बी!”

झालं! माझं डोकं फिरायचं. पुढच्या महिन्यात मी अठराला गेले. “समईवाल्या बाईचा मजकूर आला बी!” त्याच्या पुढच्या महिन्यात पंधराला. “आला बी!” एकदा तर घरात पाहुणे असताना, पुरणाचा घाट अर्धा टाकून, बारा तारखेला मजकूर पोहोचवला.

“कालच आला,” पांडोबा म्हणाले.

शाळेतून येताना मी महालावरून जायचं सोडून दिलं. विमलच्या घराची खिडकी दिसली की वाटायचं, बसली असेल आत लिहीत! तिला मुलंबाळं नाहीत का, वह्या तपासायच्या नसतात का, भाजी कोण आणतं? बरं, लिहायची कसं? सुरेख. हे मला त्याहून टोचायचं.

*

छापखान्यात अंक किती रखडला आहे हे नानाजी तोंडाने कधीच सांगत नसत. ते खायला घालून सांगत.

मी जाऊन बाकावर बसले की बघायचं. अर्धा कप चहा आला, म्हणजे काम आज संध्याकाळपर्यंत होईल. पूर्ण कप आला, म्हणजे उद्या. चहाबरोबर तर्री-पोहे आले की दोन-तीन दिवस गेले समजायचं. एकदा समोसा आला आणि माझा अख्खा आठवडा गेला. लगनसराईत तर मी उंबरठ्यातूनच ओरडायचे, “नानाजी, मी जेवून आले आहे हं!”

एका दुपारी नानाजींनी माझ्यापुढे संत्रा बर्फीची बशी ठेवली. बर्फी! वर चांदीचा वर्ख! मी ती बशी बघितली आणि खरोखर रडायला लागले.

“अवो बाई, खा तं आधी,” नानाजी म्हणाले. “मशीनचा पट्टा तुटला हाय. मंग सांगतो.”

तेवढ्यात विमल आली. तिला बस म्हणाले नाहीत, चहा विचारला नाही, साधं पाणीसुद्धा नाही. पांडोबांनी आतून बांधलेले गठ्ठे आणले आणि तिच्या रिक्षात ठेवले. पट्टा तुटायच्या आधीच तिचं काम निघालं होतं!

जाताना तिने माझ्या बशीकडे बघितलं. “तुले तं बर्फी देतात वं!”

आणि मी, हातात संत्रा बर्फी घेऊन, तिला न मिळालेल्या पाण्याकडे बघून जळत होते.

*

आता ‘ळ’चा किस्सा. हा समजायला थोडं छापखान्याचं शास्त्र लागेल, पण सोपं आहे. प्रत्येक अक्षराचा एक शिशाचा खिळा असतो. खिळे खणांतून वेचून ओळी जुळवतात, ओळींची पानं करतात, पानं लोखंडी चौकटीत आवळतात. पान छापून झालं की खिळे सोडवून पुन्हा खणात टाकतात. म्हणजे जोवर एकाचं पान छापून होत नाही, तोवर त्यातली अक्षरं दुसऱ्याला मिळत नाहीत.

नानाजींनी त्यांचे सगळे खिळे बंद पडलेल्या एका हिंदी छापखान्याकडून घेतले होते. माल चांगला होता. फक्त हिंदीवाल्यांना ‘ळ’ लागत नाही! त्यामुळे ‘ळ’ काही त्या मालात आलाच नाही. नानाजींनी मग तेवढाच वेगळा मागवला. तो एका बिस्किटाच्या डब्यात मावायचा. “अजून मागवले हायेत, येऊन राहिले,” असं ते म्हणायचे. बारा वर्षं येऊनच राहिले होते.

एका महिन्यात माझ्या स्वयंपाकाच्या पानावर गोळाभाताची कृती होती. नागपूरचा गोळाभात, कधीपासून वाचक मागत होते. प्रूफ बघायला गेले तर पांडोबांनी रिकामा डबा उपडा करून दाखवला.

“ळ सरले ना, बाई. सारेच्या सारे समईत अडकून राहिले.”

“मग सोडवा!”

“तिचं छापल्याबिगर कसे सोडवू? परवा या.”

परवा सहा तारीख होती! शेजारच्या छापखान्यातून उसने आणा म्हटलं, तर त्यांच्या खिळ्यांची उंची वेगळी. मी तिथेच बाकावर बसले आणि कृती बदलायला घेतली. ‘ळ’ नको म्हणजे गोळाभात गेला. वडाभात करू. पण डाळ? डाळीच्या जागी ‘दाल’ लिहिलं. तांदळाच्या जागी ‘चावल’. नागपुरात कोण अडवणार आहे? हळदीची ‘हल्दी’ झाली. वडे तळता येईनात, म्हणून ते ‘कढईत सोडून लाल होऊ द्यावेत’. घाम पुसत पुसत पान पूर्ण केलं आणि अंक पाचला टपालात पडला. मी स्वतःवर इतकी खूश होते!

आठवड्याने ‘समई’ हातात आली. स्वयंपाकाचं पान उघडलं. ‘खमंग गोळाभात’! पुरे अडीच कॉलम! डाळ, तांदूळ, हळद, तळणे, मळणे, चोळणे, सगळं शुद्ध मराठीत!

माझे ‘ळ’ तिच्या गोळ्यांत गेले होते.

*

एकदा मी हुंड्यावर अग्रलेख लिहिला. जीव ओतून लिहिला. आमच्या शाळेतल्या एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं, तो राग मनात होता. अंक वेळेवर निघाला, आणि काय सांगू, पत्रांचा पाऊस! सावनेरहून एका वाचकाने लिहिलं, ‘बाई, लेख ठीकच आहे, पण शेवटची ओळ काळजाला भिडली.’ दुसरं पत्र, ‘शेवटची ओळ म्हणजे समाजाच्या थोबाडीत!’ आमच्या हेडबाईंनी तर ती ओळ फळ्यावर लिहायला लावली.

मी अंक उघडून शेवटची ओळ बघितली. तिथे ठळक अक्षरांत होतं, ‘कृपया आहेर आणू नये.’

ही ओळ मी लिहिलीच नव्हती! पांडोबांना गाठलं. लगनसराईचे दिवस. लग्नपत्रिकेच्या शेवटच्या ओळी रोजच लागतात, म्हणून त्यांनी त्या जुळवून, दोरीने बांधून फळीवर ठेवल्या होत्या.

“तुमच्या पानाले खाली एक ओळ कमी पडून राहिली होती,” पांडोबा म्हणाले. “मोकळी जागा बरी नाही दिसत, बाई. बसली ना बरोबर?”

बरोबर बसली होती. इतकी बरोबर, की मी गप्प बसले. येणाऱ्या प्रत्येक पत्राला आभाराचं उत्तर दिलं. शेवटी एका समारंभात विमल भेटली. तिने माझा हात हातात घेतला, डोळे बारीक केले आणि हळूच म्हणाली, “कुसुम, थे शेवटची ओळ नानाजीची ना वं?”

सगळ्या विदर्भात ओळखणारी ती एकटीच!

*

शेवटी मी वैतागले. नानाजींना सांगितलं, “मी दुसरीकडे छापणार.” उमरेडला एक छापखाना होता. मालक वासुदेवराव, विणकरांच्या धोतर-साड्यांची लेबलं छापायचे. ते म्हणाले होते, “आमच्याकडं गर्दीच नाही, बाई. मशीन तुमचीच वाट पाहून राहिली.” विमल नसलेला छापखाना! मला दुसरं काय पाहिजे होतं?

पण मुखपृष्ठावरचं ‘परडी’ हे नाव छापायचा जस्ताचा ब्लॉक नानाजींकडे होता. माझा होता, मी करून घेतला होता. मागायला गेले तर नानाजींनी चार कपाटं उघडली, दोन पेट्या उपसल्या आणि कपाळाला हात लावला. “कुठं गेला तं सापडून नाही राहिला, बाई. तुमी व्हा पुढं, सापडला का धाडतो.”

म्हणून उमरेडचा पहिला अंक साध्या अक्षरांत नाव टाकून निघाला. एखाद्या संस्थेचा अहवाल वाटत होता.

प्रूफं एसटीने यायची. वासुदेवराव पुडकं कंडक्टरकडे द्यायचे, मी नागपूरच्या स्टँडवरून उचलायची. दुसऱ्या महिन्यात पुडकं सुटलेलं मिळालं. कंडक्टर जरा रागातच होता.

“बाई, थ्या पोरीले परत माहेरी काहून पाठवलं?”

“कुठल्या पोरीला?”

“तुमच्या कथेतल्या. पूर्ण गाडीनं वाचलं. कोणालेच नाही पटलं!”

चाळीस प्रवाशांनी संपादन केलेला तो अंक पाच तारखेला हातात पडायला हवा होता. चारला मी स्वतः उमरेडला गेले. मशीन चकचकीत पुसलेली, पानं चढवलेली, आणि छापखान्यात वासुदेवराव एकटे.

“बिघडली का?”

“छे! मशीन एकदम चालू हाय,” वासुदेवराव अभिमानाने म्हणाले. “चालवणारा मिरची तोडाले गेला. चार-आठ दिवसांत येते.”

अंक टपालात गेला नाही. त्या पाच तारखेला मी पोस्टासमोरून रिकाम्या हातांनी चालले होते आणि समोर ‘समई’चे गठ्ठे उतरत होते. लाल आणि निळा. दोन्ही रंग ठसठशीत!

पुढच्या सोमवारी मी गांधीबागेत हजर. नानाजींनी टेबलाचा खण उघडला आणि पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला ब्लॉक माझ्यापुढे ठेवला. तेल लावून, पुसून, लखलखीत ठेवलेला.

“सापडला?” मी विचारलं.

“गेलाच कुठं होता?” नानाजी म्हणाले आणि आत ओरडून एक पूर्ण कप चहा सांगितला.

*

एका संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विमल आणि मी शेजारी शेजारी बसलो. तिळगूळ हातात. दोघींचं हसणं ओठांपुरतंच. न राहवून ती म्हणाली, “कुसुम, एक विचारू वं? तू शाळा, घर, सारं करून दर महिन्याले माह्या आधी मजकूर कसा देते?”

“मी?”

“म्या गेल्या महिन्यात दहा तारखेले नेला. थे पांडोबा म्हणते, परडीवाल्या बाईचा आला बी!”

मीही तिला सांगितलं, की मला ते तुझा आला म्हणतात. सहा वर्षं! सहा वर्षं आम्ही दोघी एकमेकींच्या धाकाने ऊर फुटेस्तोवर धावत होतो, आणि त्या माणसाने मान वर करूनसुद्धा बघितलं नव्हतं!

दुसऱ्या दिवशी दोघी मिळून छापखान्यात. पांडोबांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला. “दोघींचे अंक टायमावर निघाले का नाही? मंग? साऱ्या नागपुरात लेखकांच्या मागं छापखाना धावते. म्याच तेवढा आरामात हाय.”

विमलला माझा हेवा वाटत होता हे कळून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! घरी येईपर्यंत गुणगुणत होते. जिन्यात आठवलं, की तरीही तिचं मुखपृष्ठ दोन रंगांत होतं.

*

आणि मग ‘समई’ बंद झाली.

विमलच्या यजमानांची बदली सावनेरला झाली, कोळशाच्या खाणीच्या कचेरीत. तिने महालातली नोकरी सोडली. तिथून मासिक चालवणं शक्य नव्हतं. शेवटच्या अंकात तिने चार ओळींचा निरोप छापला आणि गेली. मला भेटायला आली नाही. मीही गेले नाही.

पहिल्या महिन्यात मी राणीसारखी छापखान्यात शिरले. मशीन मोकळी. ‘ळ’चा डबा गच्च भरलेला. बर्फी नाही, पोहे नाहीत, अर्धा कप चहासुद्धा नाही. अंक दोन तारखेला बांधून तयार! इतकी वर्षं जे मागितलं ते मिळालं होतं.

मी तो अंक घेऊन रिक्षात बसले. कुणाच्या आधी निघाला होता? कुणाच्याच नाही. आमचे हे म्हणाले, “वा, वेळेत!” आणि पेपर वाचायला लागले. पुढच्या महिन्यात माझा मजकूर तीसला गेला, त्याच्या पुढच्या महिन्यात दोनला. पांडोबा मान वर करून बघायला लागले होते. ‘आला बी’ बंद झालं होतं.

असं वर्ष गेलं. ‘परडी’ला बारा वर्षं पूर्ण होत होती. त्या अंकासाठी मी खास लेख लिहिला, ‘परडीची बारा वर्षं’. चांगला लांबलचक. सोबत माझा फोटो, त्याचा ब्लॉकही करून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा पहिल्या पानावर मी असणार होते. तीन तारखेच्या सकाळी लेख घेऊन छापखान्यात गेले.

पांडोबांनी मान वर केली नाही.

“समईवाल्या बाईचा मजकूर आला बी!”

मी दारातच थांबले. मग भडकले. “पांडोबा, आता तरी पुरे करा! समई बंद होऊन वर्ष झालं!”

पांडोबांनी फळीवरून एक पाकीट काढून दिलं. वर विमलचं अक्षर. ‘परडी’साठी कथा. ‘कोळशाची पाटी’. बरोबर एक चिठ्ठी, एकाच ओळीची. ‘कुसुम, वेळेत आहे ना वं?’

मी बाकावर बसून वाचली. खाणीवर कोळसा वेचणारी एक बाई. घरी येते, तीनदा हात धुते, राखेने घासते, आणि मग झोपलेल्या मुलीच्या गालाला हात लावते. सकाळी मुलीच्या गालावर चार काळी बोटं. मुलगी ती पुसत नाही, तशीच शाळेत जाते.

मी जळले. खरं सांगते, दोन रंगांच्या मुखपृष्ठावर जळले नव्हते, गोळाभातावर जळले नव्हते, इतकी जळले. बारा वर्षांत मला असं एक पान जमलं नव्हतं. तिने ते सावनेरला बसून, मासिक गेल्यावर, माझ्याच मासिकासाठी लिहावं? मी पुन्हा वाचली. पुन्हा जळले.

पांडोबांनी दोन्ही मजकूर शेजारी शेजारी ठेवले आणि कानावरची पेन्सिल काढून मोजायला बसले. कोळसा, काळोख, डोळे, कपाळ, ओंजळ. पानापानावर ‘ळ’. तिकडे माझ्या लेखातही ‘वेळ’, ‘तळमळ’ आणि ‘चळवळ’ यांची काही कमी नव्हती. त्यांनी बिस्किटाचा डबा हलवून बघितला आणि मान हलवली.

“दोन्हीले नाही पुरत, बाई. अन् परवा पाच तारीख. कोणाचं तरी एक थांबवा लागते.”

मशीनजवळ नानाजी उभे होते. त्यांनी माझ्या फोटोच्या ब्लॉककडे बघितलं आणि बर्फी सांगायला तोंड उघडलं. मी हातानेच नको म्हटलं.

“कोणाचं थांबवू?” पांडोबांनी विचारलं.

“माझं.”

पांडोबांनी पेन्सिल खाली ठेवली. जाड भिंगांतून माझ्याकडे बघितलं.

“बाई,” ते म्हणाले, “तब्येत बरी हाय ना?”